बाबनरावांचा हातमोजा

पक्षाघाताने बाबनरावांचा उजवा हात लुळा पडला होता. जीभ मात्र ठणठणीत होती. फिजिओथेरपिस्ट मेघाने त्यांच्या पाचपावलीतल्या घरी तारांचा एक हातमोजा आणून दिला. तो घालून मूठ आवळली की टीव्हीवरच्या झाडाचं संत्रं टोपलीत पडे आणि तिकडे मेघाला मोबाइलवर कळे.

"दिवाळीले याच हातानं जेवतो, पाहून घे," बाबनरावांनी बायकोला, चंद्रकलाबाईंना, बजावलं. संत्रं जागचं हलत नव्हतं, तो भाग वेगळा.

पण घरात आजारी माणूस असला की भेटायला येणारे थोडेच थांबतात! आले, हळहळले, चहा प्याले, आणि मग सगळ्यांचे डोळे हातमोज्याकडे. काटोलचे मेहुणे विक्रम तर बागायतदार. "अजी भाऊजी, संत्रं असं तोडतात काय?" म्हणत त्यांनी हातमोजा चढवून टीव्हीवरचं अख्खं झाड रिकामं केलं. मग शेजारच्या कांताबाई पदर खोचून बसल्या. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं?

आठवड्याने मेघा हसतच आली.

"काका, कमाल केली तुम्ही! हात एकदम बरा. आता हातमोजा दुसऱ्या पेशंटला देते."

बाबनरावांनी जोरजोरात मान हलवली. हातमोजा गेला म्हणजे हातही गेलाच की!

"अवं पोरी, मी नाही, पाहुण्यायनं केलं थे सारं!"

"काका, किती लाजता!" म्हणत मेघाने हातमोजा उचलला.

बाबनरावांचं टाळकं सरकलं. त्यांनी झडप घालून हातमोज्याचा पट्टा धरला. उजव्या हाताने!

"बघा!" मेघा ओरडली. "झालात ना बरे?"

आता आली का पंचाईत? सोडावा तर हातमोजा जातो, धरावा तर बरे झाल्याचा पुरावा.

"सोडा बरं, काका."

"सुटून नाही राहिला."

मेघाने ओढून पाहिलं, बोटं चाचपली. मूठ काही उघडेना. ती गंभीर झाली. "मूठ उघडणंच तर कठीण असतं. म्हणजे बरंच काम बाकी आहे. राहू द्या हातमोजा."

ती गेल्यावर चंद्रकलाबाई हसल्या. "गेली ते. पुरे आता नाटक."

"नाटक नाही वं, खरंच सुटत नाही."

त्या जवळ बसल्या आणि डोळे पुसत एकेक बोट हळूच सोडवू लागल्या.

"काहून घाई करून राहिली?" बाबनराव म्हणाले. "धरू दे ना हाताले थोडा वेळ."