रिकामा रकाना

तेजलचा ऑनलाइन अर्ज भरून झाला होता, फक्त एक रकाना उरला होता. ‘दुय्यम विषय, असल्यास.’ तिची बॅच जुन्या पॅटर्नची, शेवटच्या वर्षाला सकाळ-संध्याकाळ नुसतं गणित. दुय्यम काही नव्हतंच, म्हणून तिने तो रकाना तसाच सोडला. या संस्थेत एम.एस्सी.ला घेतलं नाही, तर एक तारखेपासून जयवंतमामाच्या मरोळच्या गाळ्यात खोक्यांवर लेबलं चिकटवायची, असं घरात ठरून गेलं होतं.

अर्जावर नजर टाकायला तळमजल्यावरचे विद्याधरकाका वर आले होते. कोर्टात एकतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासून ते निवृत्त झाले होते. दिंडोशीच्या त्या वसाहतीत त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय साधा गॅसचा अर्जही पुढे जात नसे.

“हे काय? रिकामं?”

“काका, ‘असल्यास’ लिहिलंय. नसला तरी चालतं. गणितवाल्यांना कोण विचारतंय!”

“‘असल्यास’ छापणारा वेगळा आणि अर्ज बाद करणारा वेगळा. मी होतो ना बाद करणारा! रिकामा रकाना दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा.”

स्वयंपाकघरातून वनमाला पदराला हात पुसत आली. गौरी-गणपतीत फुगडी घालणाऱ्या बायकांच्या मंडळाची ती प्रमुख. “मगे फुगडी लिव मां! आमचो इतक्या वर्षांचो विषय आसा.”

“आई, मला तीन गिरक्यांत चक्कर येते!”

तेवढ्यात दाराशी कुरिअरवाला आला. तेजल सही करून परत आली, तर स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण झळकत होती. खाली ओळ होती : अर्ज मिळाला, आता बदल करता येणार नाही.

“काका, काय लिहिलंत?”

“फुगडी,” काका समाधानाने म्हणाले. “कंसात ‘पारंपरिक’.”

“वाट लागली!”

आठवड्याने मेल आली. मुलाखतीला बोलावलं होतं, आणि दुय्यम विषयात काय काम केलं ते सोबत आणायला सांगितलं होतं. तेजलने मेल पुन्हा पुन्हा वाचली. वनमालाच्या चेहऱ्यावर मात्र गौर घरी आल्यासारखं तेज चढलं.

“धा दिवस आसत. शिकवतंय तुका.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारला वसाहतीच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. मंडळात दहा बायका आणि दहा जणींची दहा तोंडं. राधा भिंगरीसारखी फिरायची, म्हणून सगळ्यांना राधाच हवी. सुंदराबाई ऐन रंगात हात सोडून द्यायच्या, म्हणून त्या कुणालाच नकोत. आता तेजलला कोण शिकवणार यावरून तिसरं भांडण लागलं. दोन दिवसांत गिरकी एकही झाली नाही, नुसतीच तोंडं फिरली.

“मी काय मुद्दाम हात सोडणारे का गं पोरीचा?” सुंदराबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. “मला कुणी जोडीच देत नाही, तर हात धरायची सवय राहणार कशी?”

ते ऐकून तेजलला कसंतरीच झालं. फुगडी तिला येत नव्हती. पण जोड्या लावणं येत होतं. तिने वहीचं पान फाडलं आणि भिंतीला पाठ टेकून बसली. तासाभराने तक्ता तयार झाला. दहा जणी, नऊ फेऱ्या. प्रत्येकीची जोडी प्रत्येकीशी, एकदाच. राधा सगळ्यांना आणि सुंदराबाईही सगळ्यांना.

तक्ता भिंतीवर लागला आणि हॉल घुमू लागला. वनमालाने तिथल्या तिथे गाणं जुळवलं :

*“एकीचा हात गं दुसरीच्या हाती,*
*फिरता फिरता जुळली नाती...”*

सुंदराबाईंनी आठ फेऱ्यांत एकदाही हात सोडला नाही. नवव्या फेरीत सोडला, तोही शिंक आली म्हणून.

मुलाखतीला वनमाला आणि काका दोघंही आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. आत चष्मा लावलेल्या एक मॅडम आणि पांढऱ्या केसांचे एक सर होते. गणिताचे प्रश्न बरे गेले. मग सरांनी अर्जाच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“गणितासोबत फुगडी? दुय्यम विषय लागतोच, असं कोणी सांगितलं तुला?”

तेजलला खोटं बोलवेना. “लागत नाही, सर. मी रिकामाच सोडला होता. आमच्या काकांना रिकामा रकाना बघवत नाही. फुगडी मला अजून नीट येत नाही. पण त्यातून हे झालं.” तिने हळदीचे डाग पडलेला तक्ता पुढे केला.

सरांनी तक्ता ओढून घेतला. मॅडम त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. दोघं बोटांनी जोड्या मोजू लागले.

“अकरा जणी असतील तर?” मॅडमनी एकदम विचारलं. “दर फेरीत एक उरेल.”

“उरते ना. नंतर मीही उतरले, तेव्हा अकरावी मीच होते.” तेजल आता खुलली. “जी उरेल ती गाणं म्हणते. गाण्यालाच बारावी बाई धरायचं. मग अकरा फेऱ्या होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला गाणं एकदाच येतं.”

सर खुर्चीत मागे रेलले आणि खळखळून हसले. “गाण्यालाच बाई धरायचं! झकास!”

चार दिवसांनी प्रवेशाचं पत्र आलं. तळाशी बारीक अक्षरात टीप होती : निवड करताना दुय्यम विषयाचा विचार केला जात नाही. तेजलने ती काकांना मोठ्याने वाचून दाखवली.

“असं लिहावंच लागतं,” काका शांतपणे म्हणाले. वसाहतभर पेढे वाटताना ते प्रत्येक दारात एकच सांगत होते, “रकाना भरला म्हणून काम झालं.”

प्रवेशाचा फॉर्म कागदी होता. तेजलने तो रात्री भरून टेबलावर ठेवला आणि सकाळी संस्थेच्या खिडकीत दिला. खिडकीतल्या बाईंनी तो वरून खाली पाहिला. शेवटच्या चौकटीशी त्या थबकल्या.

“हे कोणी भरलं?”

तेजलने मान वाकवून पाहिलं. ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’ असं छापलेल्या चौकटीत, निळ्या शाईत, वळणदार अक्षर होतं :

‘तपासले. योग्य आहे. प्रवेश द्यावा. — विद्याधर तावडे, निवृत्त.’