पुलाचं जस्त

आमच्या पाटखाडीच्या लोखंडी पुलाला गंज लागू नये म्हणून त्याला एक मत्सरी माणूस बांधलेला असतो. सध्या तो मी आहे.

यात विशेष काही नाही. बंदरावर ज्यांचा जन्म गेला त्यांना माहीत आहे की लोखंडी बोटीच्या तळाला जस्ताचा एक तुकडा घट्ट आवळून ठेवतात. खाऱ्या पाण्याला काहीतरी खायला लागतंच. लोखंडाला जस्त चिकटलेलं असलं तर पाणी आधी जस्ताला खातं, कारण जस्त मवाळ. ते झिजत जातं आणि बोट राहते. आमचा पूल मोठा, त्याला जस्त पुरेना. तेव्हा बांधकाम खात्याच्या सबनीसबाईंनी शोधून काढलं की मत्सरी माणूस जस्तापेक्षाही मवाळ असतो. पुलाच्या अलीकडच्या टोकाला बाकडं आहे, त्यावर मी बसतो. माझ्या डाव्या घोट्यापासून पुलाच्या खांबापर्यंत तांब्याची तार आहे.

माझ्या आधी बाबल नार्वेकर होता. त्याला भावाच्या नव्या घराचा हेवा होता. तो पूर्ण संपला. त्याच्या बायकोने तारेचं टोक तेवढं घरी नेलं.

बाबलनंतर सबनीसबाईंनी शाळेच्या पडवीत परीक्षा घेतली. खाऱ्या पाण्याच्या पेल्यात एक खिळा, खिळ्याला तार, आणि तारेचं दुसरं टोक उमेदवाराच्या हातात. सरपंचांचा मेहुणा आधी बसला. खिळा काळा पडला.

"ही हाव आहे," बाई म्हणाल्या. "हावेचा उपयोग नाही. पुढचा."

पुढे विष्णू तांडेल बसला. खिळा लखलखला आणि लगेच तांबडा झाला.

"हा राग. भरभर संपतो. पुढचा."

मी तार धरली आणि केशव पाववाल्याचा विचार केला. खिळा लखलखला, आणि तसाच राहिला. बाईंनी चहा घेतला, बिस्कीट खाल्लं, परत येऊन बघितलं.

"कोणाबद्दल आहे, आजोबा?"

"खाजगी आहे."

"चालेल," त्या म्हणाल्या. "टिकाऊ आहे."

केशव नेवरेकर पलीकडच्या गावातून सायकलवर पाव आणि कडक बटर घेऊन येतो. माझ्याच वयाचा, पण डोक्यावर केस सगळे. माझं घर पुलाला लागून आहे, बाकड्यावरून अंगण दिसतं. रोज सकाळी माझी बायको, अनसूया, त्याला अंगणात बसवून चहा देते. मला चहा पितळी पेल्यातून. त्याला कपबशीतून. तो काहीतरी सांगतो आणि ती पदर तोंडाला लावते. तो काय सांगतो ते बाकड्यापर्यंत ऐकू येत नाही, आणि पुलासाठी तेच बरं होतं.

गावाचीही मदत होती. पुलावरून जाताना लोक थांबून दोन शब्द टाकायचे.

"झिलूतात्या, आज केशव नवीन सदरा घालून आलाय हां."

"बघितला."

"निळा आहे. वैनींना निळा आवडतो ना?"

"जा बाबा तू कामाला."

"जातो, जातो. पूल आपलाच आहे म्हणून बोललो."

मी झिजू लागलो. माझ्या कोपरांवर आणि खांद्यांवर पांढरी भुकटी जमायची, अनसूया ती संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायची. आधी माझी चप्पल सैल झाली, मग अंगठी गळून पडली. मग एक दिवस तिने मला आंघोळीचं पाणी काढून दिलं, आणि माझ्या पाठीकडे बघून तांब्या खाली ठेवला.

"बस झालं," ती म्हणाली. "केशवला कपबशी का देते, विचारलंत कधी?"

"कशाला विचारू?"

"कपाचा कान तुटलाय, बशीला तडा आहे. तुमच्या ओठाला लागला असता. चांगला पेला तुमचा म्हणून बाजूला ठेवते. आणि त्याचा एकच विनोद आहे. लग्नाच्या वरातीत म्हशीवर बसला होता तो. रोज तोच सांगतो. मी जांभई लपवते पदराने."

तडा बाकड्यावरून दिसत नव्हता.

तिने माझ्या अंगाला तेल लावलं. सुरमईची तुकडी माझ्या ताटात वाढली आणि काटे काढून दिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी बाकड्यावर बसून केशवकडे बघायचो आणि मला म्हैस आठवायची. माझी भुकटी थांबली. चप्पल पायात बसू लागली.

त्याच आठवड्यात पुलाखालून तांबडं पाणी ठिबकू लागलं. मग कठड्याचे पापुद्रे सुटले. एसटीच्या ड्रायव्हरने माणसं अलीकडे उतरवली, रिकामी गाडी हळूहळू पलीकडे नेली, आणि माणसं मागून चालत गेली. तांडेलाच्या सुनेचे दिवस भरत आले होते, पोट सांभाळत तीही चालत गेली. दवाखाना पलीकडे आहे. जाताना सगळे माझ्या गालांकडे बघत होते. ते भरले होते.

सबनीसबाई आल्या. त्यांनी पूल खालून पाहिला, तार तपासली, मग पिशवीतून खिळा काढून माझ्या मनगटावर हलकेच ओढला.

"यांना रंग लागलाय," त्या म्हणाल्या.

अनसूया अंगणातून आली होती. "कसला रंग? तेल आहे."

"बाई, बोटीवरही हीच चूक होते. तळ रंगवताना हौसेने जस्तावरही ब्रश फिरवतात. मग जस्त तसंच राहतं आणि बोट बुडते. तुम्ही यांच्यावर माया केलीत का?"

"केली."

"किती थर?"

"मोजून करतात का कोणी?"

बाईंनी मान हलवली. त्या कडक नाहीत, पण पूल त्यांच्याकडे आहे. "मग दोनच मार्ग. माया खरवडून काढायची, नाहीतर पूल बंद."

"खरवडली तर हे बाबलसारखे संपतील."

"हो," बाई म्हणाल्या. "मत्सरी माणसांना घाई नसते, पण संपतात."

अनसूयेने खाडीतल्या बोटींकडे बघितलं. मग म्हणाली, "मोठ्या बोटीला जस्ताचा एकच तुकडा लावतात का?"

"नाही. जास्त लावतात. मग प्रत्येक तुकडा कमी झिजतो."

"मग पलीकडच्या टोकाला केशवला बांधा."

"ते मत्सरी आहेत का?"

"नसतील तर करते मी," अनसूया म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तिने मला बाकड्यावर जाऊ दिलं नाही. केशव आला. तिने त्याला चहा दिला, आणि त्याच्यासमोर माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. बटण लागलेलंच होतं. तिने ते काढलं आणि पुन्हा लावलं. मग माझ्या कानामागचा साबण बोटाने टिपला. केशव म्हशीपर्यंत आला होता, तिथेच थांबला.

"पुढे काय झालं, भावजी?" तिने विचारलं.

"काही नाही," केशव म्हणाला. "म्हैस गेली."

त्याने चहा अर्धा ठेवला. सायकलला टेकून तो पावाच्या फडक्याची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिला. सबनीसबाईंनी त्याच्या हातात तार दिली तेव्हा त्याने ती मुठीत घट्ट आवळली. पेल्यातला खिळा असा लखलखला की बाईंनी चष्मा काढून पुसला.

"हे आजचं नाही," त्या म्हणाल्या. "जुनं आहे. खूप आतपर्यंत आहे."

केशव खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

तोवर मला वाटायचं की मी उगाच जळत होतो. आता कळलं की तो इतकी वर्षं पूल ओलांडून येत होता तो पाव विकायला नव्हे. आमच्या गल्लीत पाव घेतं कोण, सगळ्यांकडे सकाळी घावण असतं. मी आपणहून बाकड्याकडे गेलो आणि घोट्याला तार गुंडाळून घेतली. बाईंनी मनगटावर खिळा ओढून बघितला.

"रंग निघालाय," त्या म्हणाल्या.

आता पलीकडच्या टोकाला केशव बसतो आणि अलीकडे मी. एसटी भरून जाते. तांडेलाची सून नातू घेऊन गाडीतून परत आली, खिडकीतून तिने आम्हा दोघांना नमस्कार केला. अनसूया सकाळी किटली घेऊन पुलावर येते. एक दिवस आधी माझ्याकडे येते, एक दिवस आधी त्याच्याकडे जाते. हे तिचं तिनेच ठरवलं. ती म्हणते असं चालवलं तर आम्ही दोघंही तिला पुरू.

आज ती आधी त्याच्याकडे गेली. कठड्याला टेकून बोलत उभी राहिली. तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. पदर तोंडाला लावला नाही. काय म्हणाला ते कळलं नाही, वारा इकडून तिकडे होता.

पुलाखाली सबनीसबाई होडीतून खांब तपासत होत्या. त्यांनी वर बघून हात केला.

"छान, आजोबा," त्या ओरडल्या. "असंच राहू द्या."