धर्माची काकडी आणि जपानचं भूत

"तानश्याच्या धरणापासून मुरबाडच्या ष्टँडापर्यंत मला फशिवनारा मानूस अजून जन्माला आला नाय," असं धर्मा परवाच सापगावच्या फाट्यावर चारचौघांत म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "म्हंजे, एक आलीय जन्माला. पन तिच्याशी माझं लगीन झालंय."

धर्माचं वय सदुसष्ट, शिक्षण तिसरी. (चौथीत जायचं राहून गेलं, कारण गुरुजींच्या छत्रीत खेकडा सापडला. खेकडा कुणाचा ते गुरुजींनी विचारलंच नाही, सरळ दाखला हातात दिला.) तेव्हापासून धर्माचा धंदा एकच, ज्याची त्याची टोपी उडवायची. धबधबा बघायला आलेल्या शहरी माणसाला त्यानं एकाच डोंगराला तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. प्रत्येक फेरीला धर्माच वाटेत भेटला, फक्त मुंडासं वेगळं. तिसऱ्या फेरीला त्या माणसानं विचारलं, "अहो, तुमच्याकडे सगळेच सारखे दिसतात का?" धर्मा म्हणाला, "नाय वो, आमी तिघं भाऊ."

पण काकडीच्या बाबतीत मात्र धर्माचं डोकं चालत नसे. तिथं जीभ चालायची.

पाड्यावर नवं म्हणजे पहिल्या पिकाची पूजा झाल्याशिवाय कुणी नव्या पिकाला तोंड लावत नाही. वेलावरची पहिली काकडी वाघोबाला दाखवायची, पूर्वजांचं नाव घ्यायचं, मग पोराबाळांनी खायचं. आणि दर भादव्यात सगळ्यांच्या आधी काकडी धरायची ती धर्माच्या बायकोच्या, सावळीच्या मांडवावर. त्यामुळे पंधरा घरांचं नवं सावळीच्या काकडीवर अडलेलं. पलीकडच्या मंगळीचा वेल चार दिवस मागे होता आणि मंगळी ते चार दिवस भरून निघण्याची वाट बघत वर्षानुवर्षं बसली होती. यंदा तर नव्याला सुनेचा बाप, लखमा व्याही, मुरबाडहून खास येणार होता. लखमा माणूस देवासारखा, पण त्याला एखादी गोष्ट सांगितली की ती एष्टीच्या पुढच्या गाडीनं कल्याणला पोचलेली असायची.

शनिवारी सावळीनं काकडीला लाल दोरा बांधला, सागाच्या पानानं झाकली आणि धर्माला बजावलं, "उद्या सकाळी मी पीठ दळायला बसनार. माकडं येतील. तू राखन कर. आनि ऐक, माकडांपासून राखायची."

"मग काय कोनापासून?"

सावळीनं त्याच्या मिशीकडे बघितलं आणि दोरा आणखी घट्ट केला.

त्या संध्याकाळी सून रंजिता टीव्हीवर तिची मालिका बघत होती. एक मामा आणि त्याची भाची जीपमधून देशोदेशीची भुतं धरत फिरतात, अशी ती मालिका. त्या दिवशीचं भूत जपानचं होतं, पाण्यातलं. उंची पोरासारखी, रंग हिरवा, पाठीवर कासवाची ढाल, आणि डोक्यावर बशीसारखा खड्डा. त्या खड्ड्यात पाणी. सगळी ताकद त्या पाण्यात.

"आनि खातं काय?" सावळीनं भाकरी थापता थापता विचारलं.

"काकडी, आये," रंजिता म्हणाली. "काकडीसाठी जीव टाकतं."

धर्मा सरसावून बसला. त्याला पहिल्यांदाच एखाद्या परदेशी माणसाबद्दल आपुलकी वाटली.

भूत महाताकदीचं, पण रीतीभातीचं. कुणी वाकून नमस्कार केला की त्यालाही वाकावंच लागतं. वाकलं की डोक्यावरचं पाणी सांडतं आणि ते लुळं पडतं. भाचीनं नेमकं तेच केलं. भूत पडलं. मग मामाला दया आली, त्यानं ओंजळीनं बशी पुन्हा भरली. तेव्हापासून ते भूत जन्माचं उपकारबद्ध झालं आणि रोज सकाळी मामाच्या दारात ताजे मासे आणून टाकू लागलं.

"बिचारं," सावळी म्हणाली. "मानपान कळतं त्याला. पन नवं करतं का, का तसंच खातं?"

यावर मालिकेत काही सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी धर्मा मांडवाखाली बसला. जात्याची घरघर ऐकू येत होती. माकडं आली नाहीत, हे फार वाईट झालं. माकडं आली असती तर माणूस कामात राहिला असता. धर्मानं ठरवलं, नुसतं पान बाजूला करून बघू. बघितल्यावर वाटलं, नुसता वास घेऊ. वास घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की देठ जरा सैल झालाय, आपोआप पडून फुटली तर नासाडी व्हायची. (सैल कशानं झाला ते विचारू नका.) मग पुढे काय झालं ते धर्मालाही नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की हातात देठ होता, देठाला लाल दोरा होता आणि पोट गार पडलं होतं.

आता पंधरा घरं, वाघोबा, मंगळी आणि लखमा व्याही हे सगळे एकदम त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. व्याही तर एष्टीत बसलेलाही असणार. कल्याणपर्यंत बातमी जाणार: धर्मानं देवाच्या आधी खाल्लं.

आणि त्याच क्षणी त्याला जपान आठवलं.

चिखलात त्यानं पावलं उमटवली. टाच स्वतःची, पुढची तीन बोटं कोयत्याच्या मुठीनं दाबलेली. मांडवापासून ओहळाच्या वाटेपर्यंत बारा पावलं काढली, मग कंबर धरून बोंब ठोकली. "सावळेऽऽ! धाव गो! जपानचं आलं व्हतं!"

सावळी पिठाच्या हातांनी आली. मागून रंजिता. सावळीनं दोरा बघितला, पावलं बघितली आणि मग धर्माची मिशी बघितली. मिशीत काकडीची बी होती.

"केवढं व्हतं?" तिनं विचारलं.

"एवढं! हिरवंगार! मी काठी उगारली तं पळालं."

"बाबा," रंजिता वाकून म्हणाली, "त्याची चुन्याची डबी पडलीय इथं."

"पडली असंल. जपानात तंबाखू नाय काय खात?"

रंजितानं तोंडात पदर कोंबला. सावळी मात्र गंभीर होती. तिनं झाडावरचं काढायची लांब आकडी उचलली. "मग त्याला धरलंच पायजे. पान्यातलं हाय, ओहळाच्या डोहातच गेलं असंल. रंजिते, तू टोपली घे. माझं पीठ तेवढं झाकून येते, मग निघू."

धर्माला वाटलं होतं बायका घाबरतील, देव्हाऱ्यात दिवा लावतील, प्रकरण मिटेल. शिकारीला निघतील हे त्याच्या हिशोबात नव्हतं. डोहात भूत सापडलं नाही तर पुन्हा नजर आपल्याच मिशीवर येणार. म्हणजे डोहात भूत पाहिजे. आणि जवळपास मोकळं भूत एकच होतं.

तो मागच्या वाटेनं धावला. गोठ्यातलं इरलं पाठीवर बांधलं. बांबू आणि पानांचं ते पावसातलं इरलं पाठीवर उपडं घातलं की हुबेहूब कासव. तोंडाला शेवाळ फासलं. म्हशीला पेंड द्यायची जर्मनची थाळी डोक्यावर ठेवून गमछानं हनुवटीखाली गाठ मारली आणि तिच्यात ओंजळभर पाणी ओतलं. मग डोहाच्या कडेच्या खडकावर गुडघाभर पाण्यात उभा राहिला. बेत सोपा होता. सावळी दिसली की एकदा "हुप्प" करायचं, बायका पळतील, आपण कपडे बदलून त्यांच्या आधी घरी.

पण वाटेवर सावळीच्या आधी दुसरंच माणूस दिसलं. पांढरं धोतर, काखेत पिशवी, एका हातात चपला. लखमा व्याही सापगावच्या फाट्यावर उतरून ओहळाच्या वाटेनं येत होता.

धर्मा गप्प उभा राहिला. झाडासारखा. डोक्यावर थाळी असलेल्या झाडासारखा.

लखमा थांबला. पाण्यात काहीतरी हिरवं उभं आहे, पाठीवर ढाल आहे, डोक्यावर भांडं आहे, हे त्यानं नीट पाहिलं. मालिका त्यानं पाहिली नव्हती. पण व्याह्याच्या गावात, व्याह्याच्या ओहळात जे काही उभं आहे ते व्याह्याकडचंच असणार, एवढी समज त्याला होती. त्यानं चपला खाली ठेवल्या, पिशवी ठेवली, दोन्ही हात जोडले आणि कमरेतून वाकून म्हणाला, "राम राम!"

आता तुम्हीच सांगा. व्याह्यानं राम राम घातला आणि आपण उभंच राहायचं? धर्मानं आयुष्यात सगळ्यांची टोपी उडवली होती, पण सुनेच्या बापाचा राम राम त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. डोक्यानं काही ठरवायच्या आत कंबर वाकली.

"राम राम, पावनं!"

थाळीतलं पाणी सांडलं. थाळी डोळ्यांवर आली. खडकावरच्या शेवाळावरून पाय सुटले आणि धर्मा डोहात गेला. पोहायला त्याला येत होतं. पण इरल्याला येत नव्हतं. इरलं पाण्यानं भरलं आणि त्याला उताणं करून खाली ओढायला लागलं, खऱ्या कासवासारखं. एकदा वर आला तेव्हा ओरडला, "सावळेऽऽ!" दुसऱ्यांदा आला तेव्हा नुसतं "साऽ" निघालं. त्यात थट्टेचा लवलेश नव्हता.

वाटेवरून सावळी धावत आली. पातळ वर खोचलं, कमरेएवढ्या पाण्यात शिरली, आकडी पुढे केली आणि इरल्याच्या दोरीत अडकवून असा हिसका दिला की धर्मा माशासारखा काठावर येऊन पडला. रंजितानं गमछाची गाठ सोडली. लखमानं पाठ चोळली. धर्माच्या तोंडातून पाणी आलं आणि त्या पाण्याबरोबर काकडीचा वासही आला.

 लखमा थाळीकडे बघत होता, शेवाळाकडे बघत होता.

"व्याही," तो अखेर म्हणाला, "ह्यो काय परकार?"

धर्मानं डोळे मिटून घेतले. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच त्याला थाप सुचत नव्हती. कल्याणची एष्टी त्याला कानात सुरू झालेली ऐकू आली.

"काय परकार म्हंजे?" सावळी पदर पिळत म्हणाली. "तुमाला खेकडं आवडतात ना, पावनं? सकाळपासनं तुमच्यासाठी पान्यात उभा हाय. सांगितलं, वय झालं, नको जाऊ. ऐकतो कवा?"

आणि खरोखरच धर्माच्या पायाच्या अंगठ्याला एक खेकडा लटकलेला होता. (कुणी कुणाला धरलं होतं हा प्रश्न वेगळा.)

लखमाचे डोळे भरून आले. "माज्यापायी! आनि ही थाळी?"

"खेकडं ठेवायला," रंजिता म्हणाली.

"इचार केला व्हता त्यांनी," लखमा म्हणाला आणि त्यानं ओल्या धर्माला कडकडून मिठी मारली. मुरबाडपासून कल्याणपर्यंत आता हीच बातमी जाणार होती.

घरी आल्यावर लखमाला ओसरीवर चहा दिला आणि धर्मा मागच्या दारी सावळीपुढे उभा राहिला. अंगाखाली तळं साचलं होतं.

"सावळे, जपानचं कोन नव्हतं गो. मीच खाल्ली, अख्खी. पाड्याचं नवं गेलं."

सावळी मांडवामागे गेली. जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिनं वेलावरून अलगद तोडून आणलं. फडकं उलगडलं तर आत हातभर काकडी, कोवळी, लवदार, पहिलीपेक्षा दीडपट.

"ही कंची?"

"ही वाघोबाची. ती तुझी व्हती. लाल दोरा बांधला का तू तिलाच हात लावनार, मला ठावं हाय. दर सालाला बांधते."

"दर सालाला?" धर्मानं बोटांवर वर्षं मोजायला घेतली. म्हणजे गेली किती वर्षं तो चोरून नुसतं टोक खात होता, उरलेलीच देवाला जाते असं समजत होता, माकडांच्या नावानं शंख करत होता, मनात हसत होता! "आनि वाघोबा? आधी खाल्लं म्हून रागावला तं?"

"त्याला मी आदल्या दिशीच सांगून येते. म्हनते, ह्याला धरू नको बा, ह्यो आमचा हाय, जरा येडा हाय."

दुपारी वाघोबाच्या दगडापुढे पंधरा घरं जमली. मंगळीनं काकडी दोनदा निरखून बघितली आणि दोन्ही वेळा सुस्कारा टाकला. पूर्वजांची नावं घेतली, काकडी चिरली. देवाचा वाटा झाला, पाहुण्यांचा झाला, आणि मग सावळीनं एक फोड धर्माच्या हातावर ठेवली. चोरलेल्या काकडीपेक्षा ही कितीतरी गोड लागली. हे त्याला आजवर कधी कळलंच नव्हतं, कारण दर वर्षी या फोडीच्या वेळी तो स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन बसलेला असायचा. आज त्याला बुडतानाचं ते थंड पाणी आठवलं, आकडीचा हिसका आठवला, आदल्या दिवशी एकटीच वाघोबाकडे जाऊन त्याच्यासाठी रदबदली करणारी बाई आठवली. 

"सावळे," तो तिच्या बाजूला सरकून हळूच म्हणाला, "खरं सांगतो गो, थट्टा नाय. तू काढलंस म्हून मी हाय. त्या जपानच्या भुतावानी मी पन आता जन्माचा तुझा बांधलेला. रोज सकाळी दारात मासं आनून टाकीन. बघ तं खरी, त्याच्यात नि माझ्यात काय बी फरक र्‍हानार नाय."

सावळीनं पदरानं त्याच्या मिशीतली काकडीची बी टिपली, ती बोटावर धरून नीट बघितली आणि म्हणाली, "फरक कसा नाय? त्याच्या डोक्यात निदान पानी तरी व्हतं."