बिरूअप्पांची खूण

बिरूअप्पा पहिल्यांदा आमच्या कचेरीत आले तेव्हा त्यांनी माणसांना सोडून दाराला वाकून नमस्कार केला. निदान मला तरी तसं वाटलं. नीट पाहिलं तर ते चौकटीला काठी लावत होते. एकदा लावली, बोटानं जागा धरली, काठी वर सरकवली, पुन्हा लावली. मग सरळ झाले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "दोन खुणा आन् चार बोटं. दार बरं हाय."

आमचे शिपाई हुसेनमियाँ माझ्या कानाशी लागले. "साब, ये अप्पा दरवाजा खरीदरे क्या?"

मला हसू आवरेना. मग कळलं की हे आपले नवे सभासद आहेत, आणि माझं हसू तिथंच घशात अडकलं. सभासदाला हसल्याबद्दल बदली होत असे. आणि त्या काळी बदली म्हणजे जिथं एसटीही वाट विचारत जाते असं गाव.

कचेरीचं नाव मी सांगत नाही, कारण माझं पेन्शन अजून तिथूनच येतं. औरंगाबादेतली होती एवढं पुरे. पोलीस अ‍ॅक्शनला दीड तप उलटलं होतं, पण आमच्या निम्म्या खुर्च्या निजामाच्या होत्या आणि निम्मी भाषाही. चौकशीला जुने कारकून अजून 'तहकीकात' म्हणत. मी छावणीतून सायकलवर येई आणि सभांची इतिवृत्तं लिही. माझं अक्षर चांगलं होतं आणि अक्कल बेताची. कारकुनीला हे प्रमाण फार मानवतं.

बिरूअप्पा अजिंठ्याच्या पलीकडच्या एका वाडीचे. मेंढरं राखणारं घर. निवडणुकीत दोन्ही पक्षांचे उमेदवार एकमेकांना पाडण्यात इतके रंगले की मधल्यामध्ये हे अपक्ष निवडून आले. याचा धक्का दोन्ही पक्षांना बसला होता, आणि तो त्यांनी पुढं पाच वर्षं ताजा ठेवला.

अप्पांच्या काठीवर एक खूण होती. जमिनीपासून साधारण माझ्या कमरेच्या थोडं वर, चाकूनं कोरलेली आडवी रेघ. अप्पा सगळं जग त्या खुणेनं मोजत. सभागृहाची भिंत चार खुणा. पाण्याचा रांजण पाऊण खूण. एकदा त्यांनी अध्यक्षांच्या उंच खुर्चीला काठी लावली आणि भर सभेत म्हणाले, "खुर्ची दीड खूण हाय. मानूस टेकल्यावर मातूर मावतंय." अध्यक्षांना हा मान की अपमान हे ठरवता येईना. ते मला म्हणाले, "हे लिहू नका." मी तेही लिहिलं.

"अप्पा, एक खूण म्हणजे किती फूट?" मी विचारलं.

"फूट तुमचं. खूण माझी."

समोर प्राथमिक शाळा होती. ती सुटून पोरं रस्त्यावर आली की अप्पा काठी उलटी धरत, खूण खाली पायाशी जाईल अशी. मेंढपाळांची काही रीत असेल असं मी समजलो. न कळलेल्या गोष्टीला रीत म्हटलं की कारकुनाला पुढची फाईल उघडता येते.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे तीन शब्द. "बघून येऊ की." तुम्ही म्हणालात शहागंजात पेरू स्वस्त झालेत, की, "बघून येऊ की." हुसेनमियाँ म्हणाले बायको आजारी आहे, तर अप्पा खरंच त्यांच्या घरी बघून आले, आणि येताना घराचं दारही मोजून आले.

याच तीन शब्दांनी आमच्या सभागृहात आग लागली.

झालं असं. सत्ताधाऱ्यांचे पुढारी दादासाहेब, देवगाव रंगारीकडचे मोठे जमीनदार. आवाज असा की खिडकीवरची कबुतरं सभेच्या दिवशी येत नसत. त्यांनी एका सभेत पुऱ्या झालेल्या विहिरींची यादी वाचली. गाव, खोली, पाणी मुबलक. गाव, खोली, पाणी मुबलक. निम्मं सभागृह पेंगलं होतं. यादी संपली आणि मागच्या बाकावरून अप्पा उठले.

"बघून येऊ की."

सभागृह असं चपापलं की पेंगणारेसुद्धा ताठ बसले. सरकारी कागदावर लिहिलेली विहीर जाऊन बघायची असते, हे आजवर कुणाला सुचलंच नव्हतं! विरोधी पक्षाचे पुढारी, ज्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत, त्यांनी ती संधी झेलली. "चौकशी समिती नेमा!"

दादासाहेब हसले. "नेमू ना. मीच अध्यक्ष होतो. वकीलसाहेब, तुम्ही या, अप्पांना घ्या. फक्त समितीच्या खर्चाला मंजुरी मिळणार नाही."

आता नियम असा, की समितीनं ओव्हरसियरला घेऊन जागेवर जाऊन पाहिलं तरच ते पाहणं कायदेशीर. जायला जीप, जीपला तेल, सभासदांना भत्ता. खर्च नाही तर जाणं नाही, आणि सहा महिन्यांत अहवाल नाही तर समिती आपोआप बरखास्त. पुढच्या प्रत्येक सभेत हेच भांडण. वकीलसाहेब म्हणत, खर्च द्या. दादासाहेब म्हणत, उधळपट्टी. दोन्हीकडून बाकं बडवली जात. माझी इतिवृत्तं इतकी सारखी होऊ लागली की मी तारीख बदलून जुनंच पान उतरवू लागलो.

अप्पा आता धर्मशाळेत मुक्काम करून रोज येत. दाराला काठी लावत. माझ्या टेबलापाशी उभे राहत.

"आलं का मंजुरीचं?"

"नाही अप्पा. आणि यादीतली तुमच्या वाडीची विहीर तर तुम्ही बघितलेलीच आहे. तुम्हीच सांगा ना सभेत."

"म्या बघून काय व्हतंय? म्या बघितलेलं कागदावर चढत नाय. समितीनं बघितलं पायजे. दादासायबानं सोताच्या डोळ्यानं बघितलं पायजे." मग जरा थांबून, "किती दिस राह्यलं समितीचं?"

मी बोटं मोजून सांगत असे. ते मान हलवून निघून जात.

त्याच दिवसांत मी माझ्या आयुष्यातला पहिला मूर्खपणा केला. पहिला म्हणजे या लेखातला. एका दुपारी अप्पा काठी माझ्या टेबलाला टेकवून पाणी प्यायला गेले. माझ्या खणात पेन्सिलीला टोक करायचा चाकू होता. मी जुन्या खुणेच्या दोन बोटं वर तशीच एक दुसरी खूण पाडली. हुसेनमियाँ म्हणाले, "नक्को साब." मी म्हणालो, गंमत बघा, आता सगळ्या औरंगाबादेची उंची बदलेल.

अप्पा आले, काठी उचलली, आणि अंगठा खुणेवर जाताच थबकले. मला वाटलं होतं रागावतील, शिव्या देतील. ते मटकन बाकावर बसले. चेहरा राखेसारखा. अंगठा खालच्या खुणेवरून वरच्या खुणेवर, वरच्यावरून खालच्यावर.

"कुनी केलं हे?"

मी फाईलीत तोंड घातलं. हुसेनमियाँ कधी नव्हे ते खिडक्या पुसू लागले. अप्पा बराच वेळ बसून होते. मग उठून गेले. जाताना दार मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले, दार मोजलं, मंजुरीचं विचारलं. मला सुटल्यासारखं वाटलं. ती नवी खूण त्यांनी घासून टाकली नव्हती, हे मी पाहिलं. पण का, हे विचारायला तोंड नव्हतं.

आता दुसरा मूर्खपणा. समितीची मुदत संपायच्या आधीची शेवटची सभा आली. खर्चाच्या ठरावावर मतदान होणार होतं. आणि एक गुपित मी इतकी वर्षं पोटात ठेवलंय ते आता सांगतो: दोन्ही पुढाऱ्यांची भाषणं मीच लिहीत असे. दादासाहेबांना वाटे मी त्यांचा, वकीलसाहेबांना वाटे मी त्यांचा. मी खरा कॅन्टीनवाल्याचा होतो, कारण भाषणामागं एक प्लेट भजी ठरलेली होती. तर जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही भाषणं लिहिली, दोन खाकी पाकिटांत घातली, डिंक लावला, भजी खाल्ली, आणि मग हात पुसून पाकिटांवर नावं टाकली. कुठलं पाकीट कुठलं, हे भज्यांच्या आधी मला पक्कं ठाऊक होतं.

सभेत दादासाहेब उभे राहिले. भाषण आधी वाचून बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. पाकीट फोडलं आणि गर्जना केली.

"ज्या सभागृहाला चौकशीच्या जीपचं तेल परवडत नाही, त्यानं चौकशी हा शब्द तोंडी घेऊ नये!"

माझ्या हातातला टाक गळून पडला. त्यांच्या मागं बसलेल्यांनी सवयीनं बाकं बडवली. दादासाहेब पुढं वाचत गेले. तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज किंचित अडखळला, त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. पण टाळ्या पडत होत्या. भर टाळ्यांत 'चुकून बोललो' म्हणणारा पुढारी अजून जन्माला यायचाय. "खर्च मंजूर झालाच पाहिजे!" असं म्हणून ते घामाघूम होऊन बसले.

वकीलसाहेब पांढरे पडले होते. आपलीच वाक्यं त्यांनी ओळखली होती. मला वाटलं, आता ते उठून म्हणतील, छान, मग आपलं एकमत झालं! पण दादासाहेबांशी एकमत? ते मरण बरं. त्यांनी आपलं पाकीट फोडलं, एक नजर टाकली, एक नजर माझ्यावर टाकली (ती मला अजून लागते), आणि तितक्याच त्वेषानं वाचायला लागले. "चौकशीचा खर्च म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी!" त्यांच्या बाजूची बाकं बडवली गेली.

मतदान झालं. सत्ताधाऱ्यांची डोकी जास्त, त्यांनी खर्चाच्या बाजूनं हात वर केले. सहा महिने खर्च मागणाऱ्यांनी विरोधात केले. ठराव मंजूर. सभागृहात कुणालाच कळेना की आपण जिंकलो की हरलो. एकटे अप्पा मागच्या बाकावर काठी छातीशी धरून उभे होते.

संध्याकाळी दादासाहेबांनी मला बोलावलं. मी मनात घरचं सामान बांधलं होतं.

"कारकून, भाषण झकास होतं."

"दादासाहेब, ते चुकून..."

"पुन्हा लिहायचं नाही. कुणालाच नाही. आणि समितीचे कारकून तुम्ही. चला आता आमच्यासंगं उन्हात."

जीप अजिंठ्याच्या पुढं गेली, रस्ता संपला, आणि आम्ही चालत वाडीवर पोचलो. यादीत तिथली विहीर पस्तीस फूट, पाणी मुबलक. अप्पा पुढं, मागं दादासाहेब, वकीलसाहेब, ओव्हरसियर, आणि शेवटी फाईल सांभाळत मी. एका बाभळीखाली अप्पा थांबले.

"ही हीर."

खड्डा होता. तळाशी बाभळीचा पाला आणि शेळ्यांच्या लेंड्या. दादासाहेबांचा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे. शेवटी ते हळूच म्हणाले, "टेप काढा. मोजा."

टेप मी औरंगाबादेत टेबलावर विसरलो होतो.

मी ते सांगितलं, आणि ओव्हरसियरनं माझ्याकडं जसं पाहिलं तसं त्या खड्ड्याकडंही पाहिलं नव्हतं. अप्पा खड्ड्यात उतरले. काठी तळाशी उभी केली. खड्ड्याचा काठ खालच्या खुणेलाही पोचत नव्हता. वीतभर कमी.

"लिवा, सायेब," अप्पा आतून म्हणाले. "एका खुणेला एक वीत कमी."

"अहो पण ही खूण म्हणजे काय?" वकीलसाहेब म्हणाले. "अहवालात काय लिहायचं?"

अप्पांनी काठीवरचा हात काढला नाही.

"आमच्या भागीची उंची हाय. दिवाळीला दारात हुबी करून घेतली व्हती. उन्हाळ्यात पटकी आली. वाडी वढ्याचं पानी पेत व्हती, दुसरं कुटं हाय? तवा कागदावर ही हीर झाली व्हती." त्यांनी खड्ड्याच्या काठाकडं मान केली. "पोरीएवढी पन खोल नाय, दादासायेब. बघा तुमी. बघायलाच आनलंय."

दादासाहेबांनी टोपी काढली. घाम पुसायला असेल. मग खड्ड्यात हात देऊन अप्पांना वर घेतलं. अहवालावर पहिली सही त्यांनी केली, तिथंच, माझ्या पाठीवर कागद ठेवून. दुसरी वकीलसाहेबांची. खुणेचे फूट किती, हे कुणी विचारलं नाही. तो रकाना मी कोरा सोडला.

परत जीपकडं येताना मी मुद्दाम मागं राहिलो. अप्पांशेजारी चालू लागलो.

"अप्पा, ती वरची खूण..."

"तुमीच पाडली. चाकू तुमच्या खनात असतुया. मला त्याच दिशी कळलं."

"मी घासून टाकतो अप्पा. आत्ता घासतो. मला माहीत नव्हतं हो."

मी काठीला हात घातला. अप्पांनी ती अलगद बाजूला घेतली आणि अंगठा वरच्या खुणेवर ठेवला.

"नगं. ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "औंदाच्या दिवाळीला एवढीच झाली असती."