हाफ तिकिटाचा विमा

"विमा निवडाचा म्हनजे काय, बैल निवडाचा! दात पाहा, खूर पाहा, चार पावलं चालवून पाहा. मले कोनी शिकवू नये!"

किसनरावांनी आर्णीच्या स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर उभं राहून हे जाहीर करून टाकलं. ऐकणारे चारच होते, त्यातले दोघे बसची वाट बघत होते. पण किसनराव बोलले की सभाच होते!

विम्याचं कारण असं. त्यांचा मुलगा कपिल जर्मनीत इंजिनिअर. त्याची पोरगी सोनू दोन वर्षांची झाली होती आणि तिनं आजोबा पाहिले होते ते फक्त कॉम्प्युटरवर. तिला वाटायचं, आजोबा त्या डब्यातच राहतात. ती पडद्याला बिस्किट भरवायची. लाइन गेली की रडायची, "आजोबा बंद झाले!" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा किसनराव बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं गोठ्यात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले ते डोळे पुसून, ठरवूनच. "कापूस वेचून झाला का जर्मनी! पोरीले मांडीवर घेऊन सांगतो, का बाई मी चालू आहो!"

व्हिसाला विमा लागतो हे कळलं तेव्हा कपिल म्हणाला, "बाबा, मी इथून काढतो."

"तू कायले काढतं? बैलाचा विमा मी काढला, पिकाचा मी काढला. माह्याच अंगाचा काढाले मी लहान पोट्टा आहो का?"

आता ती सालं म्हणजे कापसाची वाईट सालं. भावाचं काही खरं नाही, पावसाचं त्याहून नाही. बाहेरून कॅमेरेवाले यायचे आणि गावात कोणी हसताना दिसलं की कॅमेरा खाली घ्यायचे. एकानं किसनरावांना भिंतीशी बसवून सांगितलं होतं, "काका, जरा कपाळाला हात लावा." किसनरावांनी उठून त्याच्याच कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "ताप तर नाही बाप्पा तुले!" असा माणूस. तो काय विम्याला भिणार!

झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकून फुलसिंग बसायचा. बैल, ट्रॅक्टर, माणूस, सगळ्यांचा विमा त्याच्याकडे. किसनराव इंदुताईंना घेऊन त्याच्यासमोर बसले.

"हं, फुलसिंग. पयले हे सांग, कानात बिल्ला मारतं का?"

"भाऊ, तो बैलाले असते!"

"बैल मेला तं कान बिल्ल्यासकट दाखवा लागते. आमचं काय दाखवाचं?"

"तुमाले पासपोर्ट असते."

"बरं. आता मुद्द्याचं. मांगच्या साली माह्या वावरात गारपीट झाली. पन मंडळाची, म्हनजे आजूबाजूच्या साऱ्या गावायची, सरासरी चांगली निघाली म्हनून भरपाई नाही भेटली. आता समज, मी इमानात आजारी पडलो आन बाकी लोकं ठनठनीत असले, तं सरासरी काढसान का माही एकट्याची मोजसान?"

फुलसिंगनं डोकं धरलं. "तुमची एकट्याची, भाऊ!"

"लिहून दे!"

मग फुलसिंगनं पॉलिसी समजावून सांगायला घेतल्या. एक स्वस्तातली, पण तिच्यात आधीपासूनची दुखणी धरत नाहीत. समजा बीपी आहे आणि तिकडे बीपीमुळेच काही झालं, तर खर्च तुमचा. दुसरी जरा महाग, पण जुनी दुखणीही धरते. "वयस्कर मानसानं दुसरीच घ्यावी," तो म्हणाला, "तिकडचा दवाखाना म्हनजे वावर इकाले लावते. बॅग हरवली तरी भरपाई. आन देव न करो, पन तिकडं काही बरंवाईट झालं, तं देह वापस आनाचा खर्च कंपनीचा."

"अवं माय!" इंदुताई म्हणाल्या.

किसनरावांना मात्र वेगळीच शंका. "येतानाचं ते तिकीट फुल का हाफ?"

इथं इंदुताई हसल्या. त्या का हसल्या ते सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण तिथंच आहे.

नऊ वर्षांपूर्वी मतदार कार्डवाले गावात आले होते. पासष्टीच्या वर एसटीत हाफ तिकीट, हे किसनरावांना त्याच आठवड्यात कळलेलं. वय विचारल्यावर एकोणसाठ वर्षांच्या या गड्यानं छातीठोकपणे सांगितलं, "सदुसष्ट!" शेजारी इंदुताई होत्या. "तूही सांगून टाक," म्हणून किसनरावांनी खुणावलं, तर इंदुताई ताडकन म्हणाल्या, "मी कायले म्हातारी होऊ? पंचावन्न लिहा!" तेव्हापासून एकाच बसमध्ये, एकाच सीटवर नवऱ्याचं हाफ आणि बायकोचं फुल. किसनराव हे लग्नाकार्यात अभिमानानं सांगायचे. पासपोर्ट काढून देणाऱ्या दलालानंही जन्मतारीख त्याच कार्डावरून उचललेली.

फुलसिंगनं दोन्ही पासपोर्ट उघडले. "वहिनीचं होऊन जाते. चौसष्ट." मग दुसरा पाहिला आणि चष्मा वर केला. "भाऊ, तुमी तं शहात्तर!"

"कागदावर."

"मंग विमा कोनाचा काढू? कागदाचाच निघते! सत्तरीच्या वर तपासनी लागते. पंचाहत्तरीच्या वर एकच कंपनी घेते, तेबी यवतमाळच्या त्यायच्या डॉक्टरनं फिट म्हटलं तं. नाही तं विमा नाही."

विमा नाही म्हणजे व्हिसा नाही. व्हिसा नाही म्हणजे आजोबा बंद!

किसनराव तडक थोरल्या भावाकडं गेले. अंबादासराव सत्तर वर्षांचे, कागदावरही सत्तरच. "दादा, तू लिहून दे का मी तुह्या पाठचा आहो."

अंबादासराव ओसरीवर सुपारी कातरत होते. "कागदावर तू माह्यापेक्षा सहा वर्षांनं मोठा. म्हनजे आता तूच दादा! पाया पडू का? आन हे घरचे सारे देव-देव थोरल्यानं कराचे असतात. ते घेऊन जा, मोठेपना आयता कोनाले भेटते!"

पासपोर्टवरची तारीख बदलायची तर कित्येक महिने. व्हिसाची तारीख पुढच्याच आठवड्यात. झालं! शहात्तरचे म्हणूनच तपासणीला जायचं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. माहिती पक्की करायला.

"सर, आपला व्यवसाय?"

"शेती. कापूस."

"जिल्हा?"

"यवतमाळ."

पलीकडे पोरीचा आवाज एकदम दवाखान्यातल्यासारखा मऊ झाला. "सर... घरी सगळं ठीक आहे ना? तुम्हाला मन मोकळं करायला कोणी आहे ना?"

किसनराव भडकले. फोन दोन हातांनी धरून ओरडले, "अवं पोरी, मले बोलाले अख्खं गाव आहे, ऐकाले कोनी नाही! यवतमाळ म्हटलं का सारे माह्या तेरवीलेच येऊन बसता काय? मले मराचं नाही, मले जर्मनीले जाचं आहे! लिही मोठ्या अक्षरात!"

पोरीनं "हो सर, हो सर" म्हणत फोन ठेवला.

यवतमाळला डॉक्टर अनिमेष यांचा दवाखाना बसस्टँडला लागूनच. डॉक्टर तरुण, चष्मा कोरा, दाढी कोरलेली. रक्त घेतलं, छातीला चिमटे लावले, कार्डिओग्राम काढला. मग किसनरावांना एका पट्ट्यावर उभं केलं. पट्टा पायाखालून पळतो आणि माणूस जागच्या जागी चालतो, असं ते यंत्र.

"दम लागला की सांगा, आजोबा. लगेच थांबवू."

किसनरावांनी दुपट्टा कमरेला बांधला, धोतर खोचलं आणि डवऱ्यामागं वावरात चालावं तसे चालू लागले. पट्टा जोरात झाला, हेही जोरात झाले. नर्सनं वेग वाढवला. "हो रे, हो रे!" करत किसनराव पट्ट्यालाच हाकू लागले. वर बोलणं चालूच. "जाते कुठं हे? दारव्हा येईस्तोवर चालू का?"

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. रिपोर्ट पाहिले. पासपोर्ट पाहिला. किसनरावांना आपादमस्तक पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, स्पष्ट बोलतो. हे शहात्तर वर्षांच्या माणसाचं शरीर नाही. खऱ्या आजोबांना घरी ठेवून तुम्ही धाकटे भाऊ आलात ना?"

"आँ?"

"परीक्षेला दुसरा मुलगा बसवतात, तसं तपासणीला दुसरा माणूस पाठवतात. माझ्याकडे मागं दोन झाले. मला कंपनीला 'संशयास्पद' असं लिहावं लागेल."

घ्या! इतके दिवस म्हातारा नाही म्हणून भांडत होते, आता म्हातारा आहे म्हणून भांडायची पाळी! किसनरावांनी तिथल्या तिथं पाठीला बाक दिला. खोकले. एक हात कमरेवर, दुसरा कानामागं. "काय म्हनता? आयकू येत नाही बाप्पा... गुडघा लय दुखते..."

नर्स तोंडावर हात धरून बाहेर पळाली. इंदुताई म्हणाल्या, "अवो, आत्ताच तं पट्टा पळवून राह्यले होते!"

"तू चूप राय!" किसनराव सरळ झाले. "डॉक्टरसाहेब, साक्षीदार आनतो! आमच्या गाडीचा कंडक्टर रूपसिंग. तो मले नऊ वर्षांपासून हाफ तिकीट देऊन राह्यला. आता स्टँडवरच असन!"

आणि हा गुडघेदुखीचा म्हातारा पळत सुटला! खिडकीतून सगळ्यांनी पाहिलं. रस्ता ओलांडून, दोन रिक्षांच्या मधून, स्टँडच्या कठड्यावरून टांग टाकून पलीकडे. तसाच परत, रूपसिंगला मनगटाला धरून ओढत. धाप लागलेली रूपसिंगला.

"सांग यायले! माहं वय सांग!"

रूपसिंग साधा माणूस. त्यानं खाकी शर्ट सारखा केला. "साहेब, हे आबाजी शहात्तरचे आहेत. कार्ड मी सोता पाह्यलं. हाफ तिकीट मीच देतो."

"पाहा!" किसनराव गरजले.

"आन साहेब, या वयात कमाल आहे मानसाची! गाडी स्टँडात लागाच्या आंधीच धावत येते. खिडकीतून दस्ती टाकून जागा धरते. एखाद्या टाइमले तं दस्ती टाकत नाही, सोताच खिडकीतून आत येते! मी तं माह्या बापाले सांगतो, पाय, त्या आबाजीसारखा राय!"

खिडकीतून शिरणारा माणूस शहात्तरचा कसा? डॉक्टरांनी पेन उचललं. 'संशयास्पद' लिहायला 'सं' काढला.

किसनराव समोरच्या स्टुलावर बसले. त्यांना पडद्याला लावलेलं ओलं बिस्किट दिसलं. मग एकदम उभे राहिले आणि टेबलावर हात आपटला.

"थांबा! मी अडुसष्टचा आहो! हाफ तिकिटापायी आठ वर्षं चढवून सांगतली. झालं समाधान? कोनाच्या बापाले भीत नाही, गावभर सांगाले तयार आहो! पन मी मीच आहो, दुसरा कोनी नाही. हा फोटो माहा, हे नाक माहं, हे छातीत वाजते तेही माहंच. नात दोन वर्षांची झाली, तिले मी अजून हात नाही लावला, साहेब. म्हातारा लिहा, जवान लिहा, बैल लिहा, मले फरक नाही पडत. पन मले जाऊ द्या!"

इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला. रूपसिंग मात्र आ वासून उभा होता. "म्हनजे नऊ वर्षं..." एवढंच तो पुटपुटला.

डॉक्टरांनी पासपोर्टवरचा फोटो पुन्हा नीट पाहिला. नाक खरोखरच तेच होतं, असं नाक जिल्ह्यात दुसरं नसावं! त्यांनी 'सं' खोडला.

"तारीख बदलणं माझं काम नाही. ती परत आल्यावर तुम्ही बदलून घ्या. फोटोतला माणूस तुम्हीच आहात आणि हृदय ठणठणीत आहे, एवढं मी लिहू शकतो." आणि त्यांनी लिहिलं, 'वयाच्या मानाने प्रकृती फारच उत्तम.'

विमा निघाला. जुनी दुखणी धरणाराच घेतला, आणि जुनं दुखणं काय, तर काही नाही! व्हिसाही आला.

जायच्या दिवशी आर्णीच्या स्टँडवर दोन बॅगा, एक तिळाच्या लाडवांचा डबा आणि निम्मं गाव. किसनराव आज दारातून चढले. गाडी निघाली, रूपसिंग तिकिटं देत आला.

"दोन यवतमाळ," किसनराव उभे राहून म्हणाले. आवाज मागच्या सीटपर्यंत जाईल असा लावला होता. "दोन्ही फुल! मी अडुसष्टचा आहो. सोनूले भेटाले मी अर्धा मानूस म्हनून नाही जाऊन राह्यलो!"

गाडीत दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. रूपसिंगनं काही न बोलता मशीनमधून दोन फुल तिकिटं काढून हातात दिली. किसनरावांनी आपलं तिकीट पासपोर्टात ठेवलं, कपिलला दाखवायला, आणि मान ताठ करून बसले.

गाव मागं पडलं. इंदुताई बराच वेळ मनाशी काहीतरी जुळवत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अवो, पासष्टीच्या वर साऱ्याईलेच हाफ असते ना? मंग अडुसष्टलेही हाफच लागते की!"

किसनरावांनी हिशेब केला. पुन्हा केला. मग तीन वर्षं आपण विनाकारणच खोटं वागत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते ताडकन उठले.

"रूपसिंग! अबे, तुले मालूम होतं, मंग सांगतलं काहून नाही?"

रूपसिंग पुढच्या सीटवरून वळला. "काका, नऊ वर्षांत माह्या गाडीत तुमी पयल्यांदा खरं बोलून राह्यले होते. मंधात कायले बोलू?"