तळ्याच्या गाळाचं न्हाणं

फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याला खेटून चिखलाचा डबा बसलेला पाहून मनकर्णाबाईंचं डोकं फिरलं.

"राजेश्री, ही कसली घाण आणून ठेवलीस? तिथं देवाचं दही हाय!"

"घाण न्हाई आत्याबाई, तळ्याचा गाळ हाय, तपासायचा. कॉलेजातला फ्रिज बंद पडलाय. उद्या घेऊन जाते. तेवढं कुणी हात लावू नका."

सून परभणीच्या कॉलेजात शिकवत होती. पालमकडच्या एका गावाला तळ्यातला गाळ काढून शेतात टाकायचा होता. पण वरच्या अंगाच्या कारखान्याचं पाणी तळ्यात उतरतं, अशी कुजबुज होती. गाळ विषारी आहे का, हे राजेश्रीनं सांगायचं होतं. रीत साधी होती. चिखलात राहणाऱ्या वीस तांबड्या अळ्या त्या गाळात सोडायच्या, वीस धुतलेल्या वाळूत, आणि दहा दिवसांनी जगल्या किती ते मोजायचं. तिचा कागद आला तरच जेसीबी तळ्यात उतरणार होता. आणि ते गाव म्हणजे मनकर्णाबाईंचं माहेर. धाकटा भाऊ सूर्यभान याचं मुरमाड रान त्या गाळाची वाट पाहत होतं.

दुपारी राजेश्री बाजारात गेली. मनकर्णाबाईंनी नुसता वास घ्यायला म्हणून झाकण उघडलं, आणि साठ वर्षं मागे गेल्या. नागपंचमीच्या आदल्या दिवशी गावच्या सगळ्या पोरी तळ्याच्या पायरीवर डोक्याला गाळ थापून बसायच्या. तो वाळून कपाळ ताणायला लागला, की पाण्यात आधी कोण उतरणार यावरून भांडणं. त्या न्हाण्यानंतर केस कसे हातातून निसटायचे!

भानावर आल्या तेव्हा त्या मोरीत होत्या, डोकं काळं झालं होतं आणि डबा अर्धा रिकामा. त्यांनी अंगणातल्या तुळशीतली माती उकरली, पाणी घालून कालवली आणि डबा पहिल्यासारखा भरून ठेवला. रंग तोच. शिवाय तुळशीची माती, म्हणजे गाळाला पुण्यच लागलं.

"आत्याबाई, केस लय मऊ दिसायलेत. काय लावलं?" संध्याकाळी राजेश्रीनं विचारलं.

"शिकेकाई," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेतला.

गुरुवारी राजेश्री कॉलेजातून आली ती पडल्या चेहऱ्यानं. "मेल्या. तीन दिवसांत वीसच्या वीस. वाळूतल्या मजेत हायेत. इतकं जहर मी कुठल्याच गाळात बघितलं न्हाई."

मनकर्णाबाईंचा घास हातातच राहिला. टाळूवर काहीतरी चुरचुरलं.

"एखाद्या म्हशीनं त्यात डोकं घातलं तर गं?"

"काय सांगावं? केस गळतील, कातडी सोलंल."

शुक्रवारी सकाळी फणीत सात केस आले. रोज किती येतात ते त्यांनी जन्मात मोजलं नव्हतं. तेवढ्यात सूर्यभानचा फोन वाजला.

"अक्का, भाचेसून काय म्हणायलीय? जेसीबी येऊन उभा हाय. मृगाच्या आधी गाळ पडला न्हाई तर रान औंदाबी उघडंच."

"यील रे कागद," त्या कशाबशा म्हणाल्या. कागद तर समोरच होता. "गाळ काढू नये," इथवर राजेश्रीचं लिहून झालं होतं; चारच्या आत तो पाठवायचा होता. बोलावं तर सुनेपुढं इतक्या वर्षांचा तोरा जातो. न बोलावं तर टाळू जाते. आणि अर्ध्या डब्यावरून अख्ख्या तळ्याला विषारी ठरवलं जातंय, हेही मनाला टोचत होतं.

त्यांनी पदर मागे टाकला. "कागद राहू दे. आधी माझं डोकं बघ."

राजेश्रीनं केस बाजूला करून करून पाहिलं. "कातडी तर छान हाय. झालं काय?"

"अर्धा डबा म्या डोक्याला लावला."

"पण डबा तर भरलेला होता!"

"तुळशीची माती घातली वरून. तिच्यात कसलं आलंय जहर?"

ओसरीवर मनकर्णाबाईंचे यजमान बन्सीधरराव यांच्या हातातला पेपर हलायचा थांबला. मग ते उठून चपला शोधू लागले.

"अहो, कुठं निघालात?"

"मुंग्या झाल्त्या तुळशीत," ते चपलांकडे बघतच म्हणाले. "कपाशीचं औषध उरलं होतं. चिमूटभर टाकलं. पंधरा दिवस झाले."

मनकर्णाबाईंना घरचा रोजचा तुळशीचा काढा आठवला. पंधरा दिवस काढ्याची पानं नवरा स्वतः तोडून आणत होता, आणि या वयात त्याला भक्ती सुचली म्हणून त्या शेजारच्या सरजाबाईला कौतुकानं सांगत होत्या.

"आणि आमी त्याचा काढा प्यालो?"

"छे! पानं सरजाबाईच्या तुळशीची आणायलो. पहाटे, ती उठायच्या आत."

राजेश्रीनं कागद फाडला. सूर्यभान दुसऱ्याच दिवशी नवा गाळ घेऊन एसटीनं आला. पुढचे दहा दिवस मनकर्णाबाई रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून एकच विचारत, "हायेत का गं?" अकराव्या दिवशी उत्तर आलं, विसांतल्या एकोणीस हायेत. जेसीबी तळ्यात उतरला.

सूर्यभाननं अक्काला पोतंभर गाळ धाडला. तुळशीची जुनी माती खणून टाकली होती. नवा गाळ बन्सीधररावांकडून भरून घेतला, आणि मग सरजाबाईकडेही एक घमेलं त्यांच्याच डोक्यावरून पोहोचतं केलं. सरजाबाईला काही कळेना.

उरलेल्यातला डबाभर घेऊन मनकर्णाबाई मोरीकडे निघाल्या, तेव्हा राजेश्री वाटेत उभी होती. आता ही अडवणार, असं वाटून त्यांनी डबा पदराखाली घेतला.

राजेश्रीनं अंबाडा सोडला.

"आत्याबाई, मलाबी ठेवा थोडा."