साडेतीन तासांचं विमान

साडेतीन तासांच्या वर कुठल्याही वाहनात बसायचं नाही, असा घड्याळजींचा नियम होता. कारण विचारलं की ते पाठीकडे बोट दाखवत. आता हा माणूस चाळीस वर्षं दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत रोज दहा तास स्टुलावर बसलेला, तेव्हा पाठ बिचारी निर्दोष होती. खरी गोष्ट अशी, की आभाळात विमान घरघरलं तरी ते चिमटा खाली ठेवून आवाज थांबेपर्यंत डोळे मिटून घ्यायचे.

पण लेक अकरा हजार किलोमीटरवर, आणि नात आठ महिन्यांची झालेली. नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. एके दिवशी बायकोनं दोघांचं तिकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"निघणार सकाळी अकराला, पोचणार त्याच दिवशी दुपारी अडीचला," घड्याळजींनी वाचलं. "म्हणजे साडेतीन तास?"

"मला काय विचारता? घड्याळातलं तुम्हाला कळतं."

त्यांनी तिकिटाच्या पाठीवर भागाकार मांडला. ताशी तीन हजार एकशे बेचाळीस किलोमीटर. ते ऐकून शेजारच्या दुकानातला चष्मेवाला गार पडला.

"एवढ्या वेगात चष्मा राहतो का हो नाकावर?"

"खिडक्या बंद असतात," घड्याळजी म्हणाले. झालं, आता माघार घ्यायची सोय उरली नाही. साडेतीन तासांत लागतंय काय, म्हणून स्वेटर आणि घरातल्या चपला त्यांनी मोठ्या बॅगेत कोंबल्या.

विमानात त्यांनी डोळे मिटून हाताची मूठ वळली आणि अधूनमधून एक डोळा उघडून मनगट पाहिलं. बरोबर अडीचला उठले, वरची पिशवी काढली आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

"आजोबा, बसून घ्या," हवाईसुंदरी म्हणाली.

"पोचलो ना?"

"अजून साडेनऊ तास आहेत."

घड्याळजी वळले आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "मंडळी, विमान साडेनऊ तास लेट आहे."

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना तिथून दुसरं विमान पकडायचं होतं, ते उभे राहिले. मागच्या बाई जावयाला कळवायला निघाल्या. पाच मिनिटांत दाराशी वीस माणसं आणि अकरा पिशव्या. शेवटी वैमानिकाला माईकवरून सांगावं लागलं, "विमान अगदी वेळेवर आहे. तिकिटावर पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते."

घड्याळजी जागेवर आले. "तुला ठाऊक होतं," ते बायकोला म्हणाले.

"मी फक्त तिकीट ठेवलं हो. भागाकार तुमचा." तिनं हातपिशवीतून दुसरा स्वेटर काढून त्यांना दिला.

महिना गेला. परतीच्या आदल्या दिवशी लेकीनं तिकीट आणून दिलं. नात मांडीवर बसून आजोबांचं भिंग चघळत होती.

"निघणार संध्याकाळी पाचला, पोचणार दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला," घड्याळजींनी सावकाश वाचलं. "साडेबावीस तास. छे, माझ्या पाठीला नाही झेपायचं."

"अहो बाबा, तेराच तास लागतात. ती वेळ तिकडच्या..."

"छापलंय ते खोटं का? तारीख पुढची घे. साडेतीन तासांचं मिळेल तेव्हा बघू."

बायकोनं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी घड्याळ इथल्या वेळेला लावलं होतं, सेकंदासकट. उठली आणि भरलेली बॅग रिकामी करायला लागली.